उकळलेल्या कात्रीवर पाणी

सुई मी उकळली होती. इंजेक्शनची पिचकारी मी उकळली होती. स्टोव्हवर पातेलं, त्यात पाणी खळखळत होतं, वर झाकण. पोरींना सांगितलं होतं, बुडबुडे आले की मग वेळ धरायची, त्याआधी नाही. चिमट्यानं पिचकारी उचलली, सुई बसवली आणि पहिल्या बाकावरच्या नलूपुढं धरली. म्हटलं, "घे. मागच्या दांड्यालाच बोट लागू दे."

नलूनं हात पुढं केला नाही. तिनं दाराकडं बघितलं.

दारात मेट्रनबाई उभ्या होत्या. त्या आत आल्या. वर्गाच्या कोपऱ्यात एका फळीवर त्यांचा पितळी तांब्या असायचा, वर फुलपात्र उपडं घातलेलं. तो त्यांनी उचलला आणि माझ्या हातातल्या पिचकारीवर वरून धार धरली. पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. बाही भिजली.

"आता घे," त्या नलूला म्हणाल्या. नलूनं घेतली.

कुणी हसलं नाही. पोरी हसल्या असत्या तर एखादीला वर्गाबाहेर काढलं असतं, राग कुठंतरी निघाला असता. पण त्यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पाऊस आला की छत्री उघडावी, इतकं ते त्यांना सरळ होतं.

"हं, पुढचं सांगा," मेट्रनबाई मला म्हणाल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

निर्जंतुक म्हणजे काय, हा त्या दिवशीचा धडा होता.

ही गोष्ट पालघरची, साठ सालानंतरची. तिकडं तारापूरला अणूच्या वीजघराचं बांधकाम सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनात परदेशी खोकी उतरायची, ट्रक लागायचे, गोरे साहेब टोप्या घालून हिंडायचे. माझा बाप त्याच हद्दीत रेल्वेचा गँगमन. हातोडी खांद्यावर टाकून रूळ तपासत चालायचा. जातीनं आम्ही महार. धर्मांतर झालं तेव्हा बौद्ध झालो, घरातले देव बापानं खाडीत सोडून दिले आणि घरी येऊन मला म्हणाला, "आता तू शीक. देवाकडं मागायचं संपलं." मी शिकले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नर्स झाले. मग नर्सांना शिकवायचं वेगळं शिक्षण घेतलं. जंतुशास्त्र मला मनापासून आवडायचं. मायक्रोस्कोपखाली काच सरकवली की मला बाप आठवायचा. तो म्हणायचा, रूळ सरळ दिसतो, पण वाकून बघितलं की तडा दिसतो.

पालघरला डॉक्टरसाहेबांचं सूतिकागृह होतं आणि त्याला जोडून परिचारिकांचा वर्ग. वर्गाला सरकारी मान्यता हवी तर जंतुशास्त्र शिकवायला शिकलेली सिस्टर हवी. ती त्यांना मिळेना. मुंबई सोडून इथं कोण मरायला येतंय? मी आले. मला बोईसरला बापाजवळ राहता येणार होतं. मान्यता मिळाली, साहेबांनी पेढे वाटले. म्हणजे माझी पदवी त्यांना चालत होती. हात चालत नव्हता.

भिजल्या बाहीनं मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. ते हसले.

"सिस्टर, पाणीच आहे हो. ॲसिड तर नाही ना टाकलं? त्यांच्या घरी सोवळं कडक. पण बाई कामाला वाघ आहे. जरा सांभाळून घ्या."

"माझ्या मानाचं जाऊ द्या साहेब," मी म्हटलं. "उकळलेल्या सुईवर कच्चं पाणी पडलं की ती सुई फुकट. ती कुणाच्या दंडात गेली तर गळू होईल."

"मी बोलतो त्यांच्याशी."

बोलले की नाही कोण जाणे. तांब्या फळीवरच राहिला. उलट पोरींना वळण पडलं. मी शिवलेली कात्री, मी शिवलेलं भांडं, मी शिवलेली काचेची नळी, सगळ्यावर पाणी. मेट्रनबाई नसल्या तर नलू उठायची. माझ्या नाकासमोर. वर्गात एकच पोरगी पाणी घालत नव्हती, डोंगरातून आलेली मथी, वारल्यांची. तिला त्या तांब्याला हातच लावू देत नव्हते, मग ती पाणी घालणार कशानं?

आता मेट्रनबाईंचं खरं तेही सांगते. बाई कामाला वाघ होत्याच. विधवा, एकट्या. आडवं आलेलं मूल हातानं वळवायच्या, तालुक्यात त्यांचं नाव होतं. कुणाकडून पैसा घेतला नाही कधी. पण म्हणून काय मी त्यांची आरती ओवाळू? मला त्यांनी माणसात धरलं नाही. चांगलं माणूस तुमच्यावर थुंकलं की थुंकी गोड लागते का?

तो तांब्या आरशासारखा लखलखायचा. रोज सकाळी त्या स्वतः घासायच्या. चिंचेचा कोळ लावायचा आणि वर माती. माती साधी नाही, त्यांच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनातली. दुसऱ्या मातीनं घासलेलं त्यांच्या सोवळ्याला चालत नसे. त्या तुळशीला दर पंधरवड्याला शेणखत घालायच्या. घासून झालं की घरच्या विहिरीच्या पाण्यानं विसळायचं, भरायचं, पदराखाली झाकून सूतिकागृहात आणायचं. वाटेत कुणाची सावली पडू द्यायची नाही.

धनुर्वाताचा धडा आला तेव्हा मी फळ्यावर जंतू काढला. ढोलाच्या काठीसारखा दिसतो, एका टोकाला गोंडा. सांगितलं, हा मातीत असतो. जिथं शेण पडतं त्या मातीत जास्त. सुकून पडला तरी वर्षानुवर्षं मरत नाही. जखमेत गेला, नाळेवाटे गेला, की संपलं. मग मी थांबले आणि सरळ म्हटलं, "भांडी मातीनं घासतो ना आपण, त्या भांड्यांतलं पाणी हत्यारांवर पडता कामा नये."

मागून मेट्रनबाईंचा आवाज आला. "तुळशीच्या मातीत रोग असतो होय? अहो सिस्टर, ती माती आम्ही कपाळाला लावतो. आमच्या सात पिढ्या मेल्या नाहीत त्यानं."

या वेळी पोरी हसल्या.

मी मूग गिळून बसले नाही. परत साहेबांकडं गेले. ते म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." मी म्हटलं, तांब्या वर्गातून तरी काढा. ते म्हणाले, "म्हातारीला या वयात काय दुखवायचं?" म्हातारी म्हणे. माझ्याहून चार पोती भात जास्त उचलली असती तिनं.

आता पारूचं सांगते.

पारू चिंचणीची, मांगेलीण. सकाळी मासळीची पाटी घेऊन बोईसरला यायची, स्टेशनाबाहेर बसायची. आई तिच्याकडून बोंबील घ्यायची, त्यातून ओळख. तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. तिची दोन मुलं घरी झाली आणि आठवड्याच्या आत गेली. दोन्ही वेळा तेच. आधी दूध ओढायचं बंद, मग दातखीळ, मग अंग धनुष्यासारखं ताठ. गावात म्हणाले, सटवीनं नेलं. मी पारूजवळ पाटीपाशी बसून विचारलं, नाळ कशानं कापली? म्हणाली, मासळीच्या कोयत्यानं.

मी तिला सगळं समजावलं. सटवी नाही, जंतू आहे. कोयता उकळला असता तर मूल वाचलं असतं. ती ऐकत राहिली. हातातला पापलेट तसाच धरून.

"मंग तिसऱ्या येळेला मी तुज्याकडंच येनार," ती म्हणाली. "दुसरी कोन नको. तुज्या हातनं उकळलेली कात्री पायजे मला. देशील ना, बाय?"

"देईन," मी म्हटलं. शब्द दिला. जन्मात कुणी पहिल्यांदा माझ्या हातचं मागून घेतलं होतं.

पारू आली. दुखायला लागल्यावर नवऱ्यानं तिला बैलगाडीनं बोईसरला आणलं, तिथून गाडीनं पालघर. मी वर्ग सोडून धावले. ट्रे मी स्वतः लावला. कात्री, दोरा, फडकी, सगळं उकळलं, चिमट्यानं काढलं, उकळलेल्या कापडात झाकलं. पारू खाटेवरून बघत होती. वेणांमध्ये सुद्धा तिचा डोळा त्या ट्रेवर होता.

बाळंतपण मेट्रनबाईंनी केलं. तिथं त्यांचाच हुकूम. नलू दिवा धरून उभी होती, मी ट्रे धरून. मूल आलं. मुलगी. चांगली रडली. मी कापड उघडलं आणि ट्रे पुढं केला.

मेट्रनबाईंनी डावा हात मागं केला. नलूनं वर्गातून आणून ठेवलेला तांब्या दिला. बाईंनी कात्री ट्रेमध्येच ठेवून तिच्यावर पाणी ओतलं.

"मेट्रनबाई, ती आता चालणार नाही," मी म्हटलं. "परत उकळते. नाळ कापायचं थोडं थांबलं तर काही होत नाही."

"मूल उघड्यावर आणि तुम्ही स्टोव्ह पेटवता? सरा."

मी ट्रे मागं ओढला. त्यांनी खांदा मारून मला बाजूला केलं, कात्री उचलली आणि कापलं. कच्च असा आवाज होतो नाळ कापताना. पारूनं डोकं उचललं.

"पानी कशाला वतलं, बाय?" तिनं मला विचारलं.

मेट्रनबाई म्हणाल्या, "शुद्ध केलं ग. गप पड तू."

मी तिथंच, सगळ्यांदेखत, म्हटलं, "हे चुकीचं झालं. मी साहेबांना सांगणार." आणि सांगितलं. साहेब जेवायला बसले होते. म्हणाले, "मूल रडलं ना? झालं तर."

त्या काळी आमच्याकडं धनुर्वातावरचं सीरम, म्हणजे विष मारणारं इंजेक्शन, असं सहज मिळत नव्हतं. ठाण्याहून मागवावं लागायचं, साहेबांची सही लागायची. मी सही मागितली. "कारण काय लिहू? तांब्या?" असं म्हणून ते हात धुवायला उठले.

पारू पोर घेऊन चिंचणीला गेली. मी रोज वाट बघत होते की कुणी येऊ नये. पाचवी पुजली असेल, मी मनाशी म्हणायचे. आता बारशाची तयारी असेल.

आले. पारू, तिचा नवरा आणि फडक्यात गुंडाळलेली पोर. पोर दूध घेत नव्हती. ओठ असे आवळलेले की हसतेय वाटावं. दार वाजलं की अंग ताठ व्हायचं, पाठीची कमान. पारूला काही सांगायची गरज नव्हती. तिनं दोनदा बघितलं होतं हे.

पोर सूतिकागृहातच गेली. नाव ठेवायचं राहिलंच.

साहेब पारूच्या नवऱ्याला म्हणाले, "बेंबीला राख, शेण काही लावलं असेल तुम्ही लोकांनी. सांगून ऐकत नाही."

पारू रडत नव्हती. ती म्हणाली, "कायच नाय लावलं. ही बाय सांगल तसं ठेवलं. आमी हात धुतल्याबिगर शिवलो पन नाय तिला."

मग साहेबांनी मला खोलीत बोलावलं. मेट्रनबाई होत्या, नलू होती. मेट्रनबाई खुर्चीत बसलेल्या, मी उभी.

"ट्रे कोणी उकळला होता, तेवढं विचारा यांना," मेट्रनबाई म्हणाल्या.

चोराच्या उलट्या बोंबा. मी सगळं सांगितलं, पाणी कसं ओतलं, कधी ओतलं, मी काय बोलले. साहेबांनी नलूकडं बघितलं. "तू होतीस ना ग तिथं? पाणी ओतलं होतं का कात्रीवर?"

नलू खाली बघत म्हणाली, "मी दिव्याकडं बघत होते, साहेब."

तांब्या जिनं हातात दिला ती दिव्याकडं बघत होती.

साहेबांनी मग गोड आवाज काढला. "हे बघा सिस्टर, माणसाकडून चूक होते. उकळायला वेळ कमी पडला असेल, आपण तसं म्हणू. तुम्ही स्वतःहून सोडा. मी ठाण्याला चिठ्ठी देतो, तुम्हाला लगेच दुसरी नोकरी लागेल. सूतिकागृहाचं नाव खराब व्हायला नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतापर्यंत ते माझ्या हातावर पाणी ओतत होते. आता त्याच हातावर पोरीचा जीव ओतायला निघाले होते. आणि पारूला काय वाटलं असतं? की तिनं मागितली ती माझ्या हातची कात्री, तिनंच पोर मारली. तेवढं मी होऊ देणार नव्हते. मरून गेले असते तरी नाही.

"माझा तास आहे आता," मी म्हटलं. "तो घेते. मग बघू काय सोडायचं ते. तुम्हीही या."

वर्गात गेले. पोरी उठून उभ्या राहिल्या. मी सरळ कोपऱ्यात गेले, फुलपात्र बाजूला केलं आणि तांब्या उचलला. दोन्ही हातांनी. पहिल्या बाकावरच्या पोरी मागं सरकल्या. मेट्रनबाई माझ्या मागोमाग दारापर्यंत आल्या होत्या, त्यांच्यामागं साहेब.

"ठेवा तो," त्या म्हणाल्या. "खाली ठेवा म्हणते."

"आता ठेवून काय करता, मेट्रनबाई? मी शिवले."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला बरं वाटलं. का खोटं बोलू? इतकं बरं मला पदवी मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं. एक साधं भांडं ते, आणि त्यासाठी मी इतकी वर्षं अंग चोरून चालले.

पाणी मी खिडकीतून फेकून दिलं. तांब्या उजेडात धरला. पोट लखलखीत, पण गळ्याला जिथं काठ वळतो त्या खाचेत काळी रेघ होती. मातीची. रोज घासायचं आणि रोज तिथं थोडी बसायची. मी उकळलेली काडी घेतली आणि ती माती खरवडून काढली.

कोठीच्या खोलीत उंदरांचा पिंजरा असायचा. त्यात दोन बारकी उंदरं होती. मथी पिंजरा घेऊन आली. मी एका उंदराच्या शेपटीच्या बुडाशी कातडी चिरून मातीची काडी आत सरकवली. दुसऱ्याला तसंच चिरलं आणि नुसती उकळलेली काडी घातली. दोघांना वेगवेगळ्या बरण्यांत ठेवलं, वर जाळी बांधली. बरण्या टेबलावर, सगळ्यांसमोर.

"जंतुशास्त्रात असं दाखवतात," मी म्हटलं. "ही माती पवित्र असेल तर दोन्ही उंदरं सारखी राहतील. रोज येऊन बघायचं. मेट्रनबाई, तुम्हीही. साहेब, तुम्हीही."

साहेबांनी वाकून दोन्ही बरण्या बघितल्या. त्यांनाही बघायचं असावं. डॉक्टर शेवटी.

पहिल्या दिवशी काही नाही. दोन्ही उंदरं दाणे खात होती. पोरी कुजबुजत होत्या. मी रात्री जेवले नाही. बाप म्हणाला, "उंदीर नाय मेला तर?" मी म्हटलं, मरेल. आणि त्याची मला शरम वाटली नाही. मी त्या उंदराच्या मरणाची वाट बघत होते.

मग एका सकाळी मातीच्या उंदराची शेपटी सरळ ताठ झाली. मागचा एक पाय ताणलेला, वाकेना. मी बरणीवर टिचकी मारली, तसं त्याचं सगळं अंग आखडलं. दुसऱ्या बरणीतला मिशा साफ करत बसला होता.

मी कुणाला काही समजावलं नाही. नुसती परत टिचकी मारली. एका पोरीनं तोंडावर हात धरला. वर्गातल्या सगळ्यांनी ते पारूच्या पोरीत बघितलं होतं, त्याच इमारतीत, थोड्याच दिवसांपूर्वी. नलू उठून बाहेर गेली, तिला ओकारी झाली. मेट्रनबाई बरणीकडं बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "उंदराचं आणि माणसाचं वेगळं असतं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

संध्याकाळी साहेबांनी परत बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. म्हणाले, "तांब्या उद्यापासून दिसणार नाही. तुमची नोकरी कायम. पण हे इथंच राहू द्या. त्या कोळणीला राख-शेणाचंच सांगितलंय, ते तसंच राहील. तिला आता काय फरक पडतो?"

"तिला नाही पडत," मी म्हटलं. "तुम्हाला पडतो."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि बोईसरहून एसटीनं चिंचणीला गेले. पारू किनाऱ्यावर वलांडीखाली, म्हणजे ओले बोंबील वाळत घालायच्या बांबूंखाली, बसली होती. मी तिच्यासमोर वाळूत बसले आणि सगळं सांगितलं. तांब्या, तुळशीची माती, उंदीर, साहेबांचा सौदा. एक शब्द गाळला नाही. माझ्या जातीमुळं त्यांनी पाणी ओतलं, हेही सांगितलं. ती मांगेलीण, तिच्या घरीही माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

तिनं मुठीतली वाळू खाली सोडली. मग म्हणाली, "म्हंजे तू शिवलीस म्हून माजी पोर गेली?"

"मी शिवले म्हणून नाही. त्यांनी धुतलं म्हणून."

ती उठली. पदर खोचला. "चल. मला तिच्या म्होरं उबी कर."

पालघरला पोचलो तेव्हा बाहेरच्या ओसरीवर बायका तपासायला बसल्या होत्या. मेट्रनबाई त्यांना नावं विचारत होत्या. पारू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या अंगाला मासळीचा वास होता, मेट्रनबाई सवयीनं दोन पावलं मागं सरकल्या.

"तू पानी वतलंस?" पारूनं विचारलं.

"अगं, मी शुद्ध..."

"वतलंस का नाय, तेवडं सांग."

सगळ्या बायका बघत होत्या. साहेब खोलीतून बाहेर आले. पोरी जिन्यावर गोळा झाल्या. मेट्रनबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी सोडवीन असं त्यांना वाटलं असावं. मी तिथंच उभी राहिले, हाताची घडी घालून.

"ओतलं," त्या म्हणाल्या.

"मंग माज्या पोरीला तू मारलंस," पारू म्हणाली. ओरडली नाही. "आणि नाव हिच्यावर घातलंस." मग ती बसलेल्या बायकांकडं वळली आणि मासळी विकायच्या खड्या आवाजात सगळं परत सांगितलं, पहिल्यापासून. पोटुश्या बायका एकेक करून उठल्या आणि घरी निघाल्या.

मेट्रनबाई त्यानंतर कामावर आल्या नाहीत. गावात लोक म्हणाले, बिचारी, आयुष्यभर दुसऱ्यांची बाळंतपणं केली, शेवटी हे नशिबी आलं. बिचारी म्हणे. पारूला कुणी बिचारी म्हणालं नाही. मला तर नाहीच. साहेबांनी मला काढायचं म्हटलं. मी म्हटलं, काढा, मी ठाण्याच्या सरकारी कचेरीत जाऊन का काढलं ते सांगते, मग मान्यता कशी टिकवता बघू. काढलं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा माझ्याकडं होती. नलूनं सगळं बिनचूक केलं. उकळलं, उचललं, माझ्या हातून घेतलं, पाणी घातलं नाही. मी तिला विचारलं, "त्या दिवशी तू कशाकडं बघत होतीस?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "सिस्टर, माझं लग्न ठरलंय, मला पास करा." मी म्हटलं, साहेबांसमोर जाऊन खरं सांग, लगेच पास करते. ती गेली नाही. मी नापास केली. पुन्हा बसली, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा नापास.

साहेब म्हणाले, "सिस्टर, झालं गेलं गंगेला मिळालं."

पारूची पोर गंगेला नाही मिळाली. चिंचणीच्या वाळूत पुरली आहे, सुरूच्या झाडाखाली. मी जाऊन बघून आले.

मन साफ करून शिकवावं, असं मला सगळे सांगतात. मी नाही करणार. मी राग धरूनच शिकवणार. नवी तुकडी आली की पहिल्या तासाला धनुर्वात शिकवते, पारूचं नाव घेते, मेट्रनबाईंचं नाव घेते, साहेब बाहेर व्हरांड्यात असले तर आवाज चढवून घेते. माझ्या हातून हत्यार घ्यायला जिचा हात अडखळेल तिनं घरी जाऊन चूल फुंकावी. ती माझ्या वर्गातून नर्स होऊन बाहेर पडणार नाही. तिचा बाप आला, मामा आला, साहेबांची चिठ्ठी आली तरी नाही.